कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांच्या कार्यशाळा : प्रमाणपत्राच्या पलीकडे

सानपाडा हे उपनगर नवी मुंबईच्या कामधंद्यांच्या अगदी मध्यावर वसलेले आहे. एका बाजूला कृषी उत्पन्न बाजार समितीचे घाऊक बाजार, दुसऱ्या बाजूला ठाणे-बेलापूर मार्गालगतची औद्योगिक वसाहत, जवळच लोकल गाड्यांची कारशेड, आणि खाडीपलीकडे १९८९ पासून सुरू असलेले न्हावाशेवाचे बंदर. त्यात आता २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ यांची भर पडली आहे. गोदामे, शीतगृहे, रुग्णालये, हॉटेले, मालवाहतुकीच्या कंपन्या या सर्वांना कुशल हातांची गरज आहे. याच परिसरात दहावी-बारावीनंतर शिक्षण अर्धवट सोडलेली, शिपाई, डिलिव्हरी किंवा सुरक्षारक्षक अशा मिळेल त्या कामावर दिवस काढणारी मुले-मुलीही आहेत. ही गरज आणि हे हात यांच्यामध्ये जो पूल हवा, त्याला शिक्षणाच्या भाषेत कम्युनिटी कॉलेज अर्थात सामुदायिक महाविद्यालय म्हणतात.

या पुलाबद्दल आपल्याकडे बरेच बोलले जाते. इमारत, यंत्रसामग्री, अभ्यासक्रम, मान्यता आणि नोकरीची हमी यांची चर्चा होते. परंतु त्या वर्गात उभा राहून शिकविणारा शिक्षक कोण आहे, त्याला शिकवायला कोणी शिकविले आणि त्याचे शिक्षण पुढे चालू राहावे म्हणून कोण पैसा व वेळ खर्च करतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते या संस्थांचे यश किंवा अपयश मुख्यतः याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

कल्पना कुठून आली?

कम्युनिटी कॉलेज ही कल्पना मूळची अमेरिकेतील. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेले महाविद्यालय हे तेथील या प्रकारचे आद्य सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. ज्यांना विद्यापीठाची वाट परवडत नाही किंवा मानवत नाही, त्यांना घराजवळ, कमी खर्चात आणि त्या भागातील उद्योगांना उपयोगी पडेल असे शिक्षण देणे, हा त्यामागचा विचार.

भारतात ही कल्पना रुजविण्यात ख्रिस्तसभेचा वाटा मोठा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना कदाचित ठाऊक नसेल. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने आणि १९९६ मध्ये मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने चेन्नईत अशी महाविद्यालये सुरू केली. येशूसंघीय धर्मगुरू फादर झेवियर अल्फोन्स यांनी या चळवळीला देशभर नेले. १९९९ मध्ये चेन्नईत या कार्यासाठी स्वतंत्र संशोधन व विकास केंद्र उभे राहिले. नव्या महाविद्यालयांना मार्गदर्शन करणे, अभ्यासक्रम आखणे आणि शिक्षकांसाठी कार्यशाळा भरविणे ही कामे त्या केंद्राने हाती घेतली. फादर अल्फोन्स यांच्या आराखड्यात यंत्र चालविण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व जीवनकौशल्यांना, संभाषणाला आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या उमेदवारीला होते. शाळेने नापास ठरविलेल्या मुलाला आधी स्वतःवर विश्वास ठेवायला शिकवावे लागते, मग हातात पाना द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे शासनानेही ही वाट धरली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००९ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. ती फार काळ टिकली नाही. त्यानंतर २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना आली आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. आयोगाच्या रचनेत एका वर्षाच्या पदविकेसाठी ६० श्रेयांक असून त्यांपैकी ३६ कौशल्याचे व २४ सामान्य शिक्षणाचे आहेत. म्हणजे अभ्यासक्रमाचा मोठा भाग पुस्तकाबाहेरचा. तो शिकविणारा माणूसही पुस्तकाबाहेरचा असणार, हे ओघानेच आले.

धड इकडचा ना तिकडचा

कम्युनिटी कॉलेजचा शिक्षक साधारणपणे तीन वाटांनी येतो. पहिला प्रत्यक्ष धंद्यातून आलेला कारागीर. पंधरा-वीस वर्षे वातानुकूलन यंत्रे दुरुस्त केलेला मेकॅनिक, रुग्णालयात उभी हयात घालविलेली परिचारिका, हॉटेलातील आचारी. त्याच्या हातात कसब आहे. पण वर्गात तीस मुलांसमोर ते कसब शब्दांत कसे मांडावे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. दुसरा नुकताच पदवी घेतलेला तरुण. त्याला बोलता येते, फळ्यावर आकृती काढता येते. पण कामाच्या ठिकाणी त्याचा हात बसलेला नसतो. तिसरा इतर महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारा अध्यापक. तो येथे दोन तास, तिथे तीन तास असे करीत महिना भरून काढतो.

या तिघांच्याही गरजा वेगळ्या आहेत आणि तिघांसाठीही आज निश्चित अशी व्यवस्था नाही. महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर, १९८७ पासून ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली गेली. त्यांतील उद्बोधन व उजळणी वर्ग प्राध्यापकांच्या पदोन्नतीशी जोडले गेले. त्या केंद्रांचे नाव पुढे बदलत गेले आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनच्या छत्राखाली चालतात. दुसरीकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांसाठी शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना आहे. तिचा एक वर्षाचा अभ्यासक्रम मुंबईत चुनाभट्टी येथील राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत चालतो. शालेय शिक्षकांसाठी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे.

प्राध्यापकाला पदोन्नती आहे, निदेशकाला अभ्यासक्रम आहे, शाळामास्तराला तासांचा हिशेब आहे. कम्युनिटी कॉलेजचा शिक्षक मात्र धड इकडचा ना तिकडचा. आयोगाच्या योजनेनेही मुख्यतः कंत्राटी व मानधनावरील शिक्षकांवरच भिस्त ठेवली. ज्याला पदोन्नतीच नाही, त्याला पदोन्नतीसाठीचे वर्ग काय उपयोगाचे? ज्याची रोजीरोटी तासावर अवलंबून आहे, त्याला वर्षभराचा अभ्यासक्रम कसा परवडावा?

याच धोरणाने २०२५ पर्यंत शालेय व उच्च शिक्षणातील किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. विद्यार्थ्यांचा आकडा कागदावर लिहिला गेला. त्यांना शिकविणाऱ्यांच्या तयारीचा विचार मात्र त्या मानाने मागेच राहिला.

नेहमीची कार्यशाळा

शिक्षकांसाठी कार्यशाळा होतच नाहीत, असे नाही. होतात, पण त्या कशा होतात, हे पाहण्यासारखे आहे. सकाळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. मग दोन तासांचे व्याख्यान, पडद्यावर सरकणाऱ्या चित्रफिती, मधे चहा. दुपारच्या जेवणानंतर दुसरे व्याख्यान, शंकासमाधानाला दहा मिनिटे, आभारप्रदर्शन, प्रमाणपत्रवाटप आणि सामूहिक छायाचित्र. कृतीतून शिकवा, असे सांगणारा वक्ता स्वतः सलग दोन तास बोलतच राहतो, आणि ऐकणारे कृती न करता ते ऐकत राहतात!

अशा कार्यक्रमांतून काहीच मिळत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. चार माणसे भेटतात, ओळखी होतात, थकलेल्या मनाला थोडा उत्साह येतो. तथापि सोमवारी सकाळी तो शिक्षक पुन्हा वर्गात उभा राहतो, तेव्हा त्याच्या शिकविण्यात कोणता फरक पडलेला असतो? या एका प्रश्नावर कार्यशाळेची परीक्षा व्हायला हवी. प्रमाणपत्र संस्थेच्या फाईलमध्ये जाते आणि तपासणी समिती आली की उपयोगी पडते. सोमवारचा तास मात्र विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो.

शिक्षकाचे ज्ञान जुने झाल्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे एक उदाहरण देतो. घरगुती वातानुकूलन यंत्रांत पूर्वी आर-२२ नावाचा वायू सर्रास भरला जाई. ओझोनच्या थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार भारत तो २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करीत आहे. नव्या यंत्रांत आता बहुधा आर-३२ हा वायू असतो. तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. त्यामुळे वायू भरण्यापूर्वी नळीतील हवा व ओलावा पंपाने पूर्ण ओढून घेणे, खोली हवेशीर ठेवणे, ठिणगी दूर ठेवणे ही पथ्ये पूर्वीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळावी लागतात. ज्या शिक्षकाने पंधरा वर्षांपूर्वी आर-२२ वर हात बसविला आणि त्यानंतर नवी यंत्रे पाहिलीच नाहीत, तो आपल्या विद्यार्थ्यांना जुनी सवय शिकवील. ती सवय घेऊन अठरा वर्षांचा मुलगा उंच इमारतीच्या बाहेर लोखंडी पट्टीवर उभा राहील. चूक शिक्षकाच्या अज्ञानाची. धोका मात्र त्या मुलाच्या जिवाला.

चांगली कार्यशाळा कशी असते?

उत्तरे शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. परंतु दूरचीही दोन उदाहरणे उद्बोधक आहेत.

अमेरिकेत रॉजर गॅरिसन यांनी १९६९ मध्ये कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांसाठी एक आगळे शिबिर सुरू केले. तेथे बाहेरच्या तज्ज्ञांची भाषणे जवळजवळ नसत. प्रत्येक शिक्षकाने दोन गोष्टी लिहून आणायच्या : आपल्या वर्गात यशस्वी झालेली एक युक्ती आणि आपल्याला न सुटलेली एक अडचण. बाकी सारे शिबिर म्हणजे या युक्त्यांची व अडचणींची देवाणघेवाण. शिक्षकांजवळ जे शहाणपण आधीच आहे, ते एकमेकांपर्यंत पोहोचविणे, एवढेच त्याचे सूत्र होते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९७९ च्या सुमारास दुसरी पद्धत पुढे आली. सुमारे २४ तासांच्या या कार्यशाळेत चार ते सहा शिक्षकांचा छोटा गट असतो. प्रत्येकाने आपल्या सहकाऱ्यांपुढे दहा-दहा मिनिटांचे तीन पाठ घ्यायचे. प्रत्येक पाठानंतर गट त्याला सांगतो की काय समजले, कुठे लक्ष उडाले, कोणता शब्द कळला नाही. पाठाची रचनाही ठरलेली : आधी विषयाशी नाते जोडा, आज काय साध्य करायचे ते सांगा, विद्यार्थ्यांना आधी काय येते ते तपासा, त्यांना कृती करू द्या, काय आले ते पुन्हा तपासा, आणि समारोप करा. पहिल्या पाठात अडखळलेला शिक्षक तिसऱ्या पाठापर्यंत सावरतो, कारण त्याने मधल्या वेळात स्वतःला विद्यार्थ्यांच्या नजरेने पाहिलेले असते.

समजा, एक अनुभवी परिचारिका अशा गटापुढे रुग्णाची कूस बदलण्याचा पाठ घेते आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साधारणपणे दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे तिला झोपेतही ठाऊक आहे. ती झरझर करून दाखविते. गट म्हणतो, ‘बाई, तुमचे हात दिसले, पण आधी कुठला हात कुठे ठेवला ते कळलेच नाही.’ त्या क्षणी तिला उमगते की आपल्याला जे सहज झाले आहे, ते शिकणाऱ्याला सुटे सुटे करून दाखवावे लागते. हे उमगणे व्याख्यानातून येत नाही.

आणि आता घरचे उदाहरण. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत रमू न शकलेल्या ग्रामीण मुलांना जोडकाम, शेती, वीज, अन्नप्रक्रिया अशी कामे करता करता शिकविणे, ही तेथील पद्धत. शिकविणाराही प्रत्यक्ष काम करणारा असावा, गावाला लागणारी कामे त्याने विद्यार्थ्यांसह करून द्यावीत, यावर त्यांचा भर होता. ज्याचे स्वतःचे काम चालू आहे, त्याचे ज्ञान शिळे होत नाही, हे साधे तत्त्व त्यामागे आहे.

या तिन्ही उदाहरणांतून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. कार्यशाळेत शिक्षकाने ऐकण्यापेक्षा शिकवून दाखवावे. त्याच्या अडचणी त्याच्याच भाषेत मांडल्या जाव्यात. आणि त्याचा धंद्याशी असलेला संबंध तुटू नये. या गोष्टींसाठी वातानुकूलित सभागृह लागत नाही. वेळ लागतो, आणि त्या वेळेचा मोबदला लागतो.

खर्च कोणी करायचा?

येथेच खरी गाठ आहे. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला शनिवारी कार्यशाळेला बोलावणे म्हणजे बहुधा त्याची शनिवारची कमाई बुडविणे होय. मेकॅनिकची दोन कामे जातात, परिचारिकेची एक पाळी जाते. ‘तुमच्याच भल्यासाठी आहे’ असे सांगून आपण त्यांच्याकडून विनामोबदला वेळ मागतो आणि ते आले नाहीत की त्यांना उत्साह नाही असे म्हणतो. हे न्यायाला धरून नाही.

उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. दहा शिक्षक, तीन-तीन तासांची सहा सत्रे, म्हणजे प्रत्येकी १८ तास. ताशी ३०० रुपये मानधन धरले, तर एकूण खर्च ५४ हजार रुपये. प्रत्येक शिक्षकाच्या हाताखाली २५ विद्यार्थी धरले, तर २५० विद्यार्थ्यांना त्याचा लाभ होईल. दर विद्यार्थ्यामागे खर्च २१६ रुपये. एखाद्या उद्घाटन समारंभाच्या मांडवावर व जेवणावळीवर याहून अधिक खर्च होतो आणि त्याबद्दल कोणी विचारीतही नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आपण पैसे खर्चून शिक्षक तयार करायचा आणि त्याने दुसरीकडे जास्त पगारावर निघून जायचे! ही भीती खोटी नाही. परंतु न शिकलेला शिक्षक आपल्याकडेच राहिला, तर विद्यार्थ्यांचे काय, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. शिवाय एका संस्थेने एकटीने हा भार उचलण्यापेक्षा परिसरातील चार-पाच संस्थांनी मिळून उचलला, तर एकाकडून गेलेला शिक्षक बहुधा शेजारच्याकडेच जाईल. परिसराचे नुकसान होणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, चांगल्या कारागिराला शिकविणे आपोआप येते. आपल्या घरोघरच्या अनुभवावरून पाहावे. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या आजीला ‘मीठ किती?’ विचारले, तर ती ‘अंदाजाने’ म्हणते. ते तिच्या हाताला माहीत असते. नातीला मात्र तो अंदाज येईपर्यंत चार वेळा भाजी खारट करावी लागते. स्वयंपाकघरात हे चालते. विजेच्या तारेशी किंवा रुग्णाच्या अंथरुणाशी चालत नाही.

सानपाड्यात काय करता येईल?

नवी मुंबईत या कामासाठी लागणारे घटक हाताशी आहेत. सानपाड्याशेजारी वाशीला फादर आग्नेल संस्थेचे संकुल आहे. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय १९९४ पासून चालू आहे आणि तंत्रनिकेतनही आहे. राज्याने २०२२ मध्ये कौशल्य विद्यापीठ स्थापन केले असून २०२४ मध्ये त्यास रतन टाटा यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही तरतूद करून, औपचारिक पदवी नसली तरी दीर्घ अनुभव असलेल्या तज्ज्ञांना उच्च शिक्षणसंस्थांचे दार उघडून दिले आहे. कारागिराला शिक्षक म्हणून मान देणारा हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण दार उघडल्यावर आत आलेल्याला शिकविण्याची कला देणे, हे काम उरतेच.

आमची सूचना साधी आहे. परिसरातील कौशल्य शिकविणाऱ्या संस्थांनी, मग त्या कोणत्याही धर्माच्या वा व्यवस्थापनाच्या असोत, एकत्र येऊन वर्षातून दोन वेळा सहा सत्रांची छोटी कार्यशाळा घ्यावी. गट दहाचा असावा. प्रत्येकाने पाठ घ्यावा व प्रत्येकाला त्याच्या तासांचे मानधन मिळावे. त्याशिवाय वर्षातून दोन दिवस प्रत्येक शिक्षकाने एखाद्या कारखान्यात, रुग्णालयात वा गॅरेजमध्ये जाऊन आजचे काम आज कसे होते ते पाहावे. तीन महिन्यांनी गट पुन्हा एकदा भेटावा आणि प्रत्येकाने एकच गोष्ट सांगावी : मी माझ्या वर्गात काय बदलले? ज्याला काही बदलता आले नाही, त्यानेही ते मोकळेपणी सांगावे. बहुधा त्यातूनच पुढच्या कार्यशाळेचा विषय मिळेल.

आपली जबाबदारी

व्यवसाय शिक्षण हे ख्रिस्तसभेला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इटलीतील ट्युरिन शहरात संत जॉन बॉस्को यांनी आपल्या मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले. मुलाला धंदा शिकविला जाईल, त्याला मारहाण होणार नाही, त्याला विश्रांती मिळेल, याची हमी त्यांनी मागितली. १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षकांच्या तयारीवर भर दिला. त्यांना विषयाचे ज्ञान आणि काळाशी सुसंगत अध्यापनकौशल्य दोन्ही असावीत, अशी अपेक्षा व्यक्त केली. म्हणजे शिक्षकाच्या प्रशिक्षणावरील खर्च हा वरकड खर्च नव्हे. शिक्षणसेवेचाच तो गाभा आहे.

धर्मग्रामस्थ म्हणून आपण काय करू शकतो? आपल्यापैकी कित्येक जण रेल्वेत, गोदीत, कारखान्यांत, रुग्णालयांत आयुष्य घालवून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या हातात जे आहे, ते कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांनी महिन्यातून एक दुपार एखाद्या तरुण शिक्षकाला द्यावी. ज्यांचे गॅरेज किंवा कार्यशाळा आहे, त्यांनी वर्षातून दोन दिवस शिक्षकासाठी दार उघडे ठेवावे. ज्यांच्याकडे सभागृह आहे, त्यांनी ते शनिवारी दुपारी विनामूल्य द्यावे. आणि आपल्या मुलामुलींना अशा अभ्यासक्रमाला घालणाऱ्या पालकांनी फी किती व नोकरी कुठे, या दोन प्रश्नांच्या जोडीला तिसरा प्रश्न अवश्य विचारावा : येथे शिकविणारे स्वतः शेवटचे केव्हा शिकले?

हा प्रश्न पुरेशा पालकांनी विचारला, तर संस्थांना त्याचे उत्तर द्यावे लागेल. आणि उत्तर देण्यासाठी का होईना, पुढच्या शनिवारी एखाद्या शाळेच्या खोलीत दहा शिक्षक एकमेकांना शिकवून दाखवायला बसतील. त्यांच्या वर्गातील मुलांसाठी तेवढी सुरुवात पुष्कळ आहे.